बोरसांगवीची न बांधलेली भिंत

समोर दिसतं ते आधी नीट बघून घ्या, मग बसा. पूर्वेला भिंत आहे, तिथं वेदी. दक्षिणेला दोन खिडक्यांची भिंत. पश्चिमेच्या भिंतीत दार, आणि दाराला आम्ही रोज कुलूपही लावतो; हसू नका. उत्तरेला तर भिंतच नाही. पाच सागवानी खांब आहेत, त्यांच्यावर आढं, आणि खांबांच्या पलीकडे थेट ओढा. पावसाची तिरपी सर आली की त्या बाजूच्या तीन रांगा भिजतात. भक्ती चालू असताना कुणाची तरी शेळी आत येते, वेदीपर्यंत जाते आणि आपली आपण परतते.

परवा पुण्याहून एक इंजिनियर आले होते. म्हणाले, "बापू, एवढं चांगलं दगडी काम आणि एक बाजू अर्धवट? मी महिन्याभरात भिंत उभी करून देतो." मी त्यांना म्हणालो, अर्धवट नाही साहेब, पूर्ण आहे. तुमच्यासारखेच तेही या पायरीवर बसले. ऐकून झालं तेव्हा त्यांचा चहा निवला होता.

मी दावीद मकासरे. इथल्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होतो. जे सांगणार आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजाच्या, जुन्या नोंदवहीत त्या वर्षाचं पान कोरं आहे. बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, प्रभुभोजन नाही. फक्त वर साल लिहिलेलं आहे. त्या कोऱ्या पानावर काय असायला हवं होतं, ते आम्ही तोंडी सांगत आलो. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याला त्याच्या बापानं.

मोठ्या दुष्काळाला आता दीडशे वर्षं होत आली. त्या दुष्काळात बोरसांगवीच्या महारवाड्यातली निम्मी घरं बसली. जगली त्यांतल्या अकरा घरांनी ख्रिस्ताचा मार्ग धरला. त्यांत सगळ्यांत आधी ओढ्यात उतरून बाप्तिस्मा घेतला तो धोंडिबा मकासरे यानं. दुष्काळी कामावर खडी फोडताना तो एका उपदेशकाच्या शेजारी बसायचा म्हणे, आणि खडीच्या तुकड्यांनी जमिनीवर अक्षरं गिरवायचा. पन्नाशीला आलेला माणूस, सहा महिन्यांत शुभवर्तमान वाचायला लागला. पाळक गणपतराव ओहोळ तालुक्याच्या गावी राहत. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी चालत येत, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरस, देत आणि परत जात. बाकीच्या रविवारी शास्त्र वाचायचा धोंडिबा. त्यामुळे तो मंडळीचा वडील. त्याचा शब्द खाली पडत नसे.

त्याची बायको गयाबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण धोंडिबानं एकदा वाचलं की तिला पाठ व्हायचं. दोन मुलगे, केरू आणि सावळा.

आणि एक पोर होती, आवडी. दुष्काळात वरच्या अंगानं माणसांचे लोंढे येत, त्यांतल्याच कुणीतरी तिला ओढ्याकाठी सोडली होती. चार वर्षांची असेल. तिचं घर कोणतं, जात कोणती, कुणाला ठाऊक नाही. एका घराला तिला सांभाळणं झेपण्यासारखं नव्हतं. मग अकरा घरांनी पाळी लावली. आज मकासऱ्यांकडे भाकरी, उद्या अमोलिकांकडे, परवा साठ्यांकडे. अकरा दिवस संपले की पुन्हा पहिल्या घरी. अशी तीन वर्षं ती वाढली. पोर हसरी होती म्हणे; धोंडिबाला बाबा म्हणायची. सकाळी उठली की विचारायची, "आज मी कुनाची?" आणि ज्याचं घर असेल तो म्हणायचा, "आज तू आमची गं."

हे असं भलं काम करणारी ही माणसं होती. हे मी मुद्दाम सांगतो. पुढचं ऐकताना ते विसरू नका.

मंडळी झाली तसं देवाचं घर हवं झालं. गावानं त्यांना विहीर बंद केली होती, वाट बंद केली होती. जागा मिळाली ती ही, ओढ्याकाठची, जिच्यात ज्वारी पिकत नव्हती आणि बाभळीही वाकड्या वाढायच्या. दुसरी मिळण्यासारखी नव्हतीच. डोंगरावरून दगड आणला तो बायका-माणसांनी डोक्यावरून. काम मल्लू वडाराचं. चांगला कारागीर, तीन भिंती त्याच्याच हातच्या आहेत, बघा, दोन दगडांच्या सांध्यात आजही सुई जात नाही.

तीन भिंती उभ्या राहिल्या. उत्तरेची पडली.

पहिल्यांदा पडली तेव्हा कंबरेइतकी झाली होती. मल्लूनं पाया खोल घेतला. दुसऱ्यांदा पडली तेव्हा पुरुषभर उंच होती. साठ्यांचा बैल सापडला खाली. पाया आणखी खोल गेला. तिसऱ्यांदा भिंत आढ्याच्या उंचीला आली होती. भर दुपारी केरू वरच्या थरावर चुना लिंपत होता. आवाज असा काहीच झाला नाही म्हणे, नुसती धूळ उठली. धूळ बसल्यावर केरूचा एक हात दिसला, त्यात थापी तशीच धरलेली.

एकोणीस वर्षांचा मुलगा. मंडळीच्या दफनभूमीत पुरलेला तो पहिला माणूस.

मल्लू वडारानं त्याच दिवशी अवजारं गोळा केली. जाताना एवढंच म्हणाला, "हितं भिंत ऱ्हानार न्हाई. का, ते मला इचारू नका. मला दगडातलं कळतं, जागेतलं न्हाई."

पण लोकांना विचारावं लागलंच नाही. ते सगळ्यांच्या मनात आधीच होतं. इथून दोन कोसांवर वर एक जुना बंधारा आहे. तो राहत नव्हता म्हणून पाटलानं धाकटी सून तळाला घातली, तेव्हा कुठे बांध धरला, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण आमच्या बायका जात्यावर ती ओवी म्हणायच्या:

सात वर्सं बांधीला, बांध उभा गं राहीना,
सून निजवली तळाला, मग पानी गं जाईना.

बाप्तिस्म्यानं माणसाचं नाव बदलतं, बसणं-उठणं बदलतं. जात्यावरची ओवी एवढ्या लवकर बदलत नाही.

केरूला जाऊन महिना झाला होता. रविवारची भक्ती संपली. भिंतींच्या आत उन्हात मंडळी बसलेली. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. गयाबाई नव्हती, मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. धोंडिबानं शास्त्र मिटलं आणि उभा राहिला.

"जागा माणूस मागती," तो म्हणाला.

हे बोलणारा माणूस आमचा होता. माझा खापरपणजा. मंडळीचा पहिला बाप्तिस्मा घेतलेला, पहिला वाचणारा. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सगळ्यांनी त्याला धोंडे मारले असते. धोंडिबा म्हणाला म्हणून सगळे नुसते बघत राहिले.

"केरू गेला," कुणीतरी म्हणालं, "आणखी काय पायजे तिला?"

"केरू पडला. तो घेतला तिनं. आपन दिला न्हाई. द्यावं लागतंय." मग म्हणाला, "अब्राहामानं न्हाई का पोटचं पोर येदीवर निजवलं? लिवल्यालं हाय."

बघा, कसं असतं ते. अडाणी होता तोवर हे त्याला सुचलं नसतं. शास्त्र वाचायला शिकला आणि शास्त्रातूनच काढलं.

त्या वेळी एक जण जरी उठून म्हणाला असता की धोंडिबा, तुझं डोकं फिरलं, घरी जा, तर तिथंच संपलं असतं. माझा बाप ही गोष्ट सांगताना इथं आला की बोलायचा थांबायचा. कारण पुढे जे झालं ते असं, की कुणी "नाही" म्हणालं नाही. आणि मग जो पहिला प्रश्न आला तो होता: "कुनाचं?"

प्रत्येकानं आपलं पोर जवळ ओढलं.

आणि मग एक आवाज आला. बाईचा की पुरुषाचा, तेही नक्की नाही. "आवडीचं कुनी न्हाई."

हे वाक्य कोण बोललं ते आजपर्यंत कळलं नाही. पुढे पाळकांनी खोदून खोदून विचारलं. अमोलिक म्हणाले साठे बोलले, साठे म्हणाले दुशिंग बोलले, दुशिंग म्हणाले मकासरे. अकरा घरांनी दुसऱ्या घरांची नावं सांगितली. मला वाटतं, प्रत्येकाला तो आवाज ओळखीचा वाटला असणार.

गुरुवार ठरला. पाळक यायचे ते त्या गुरुवारनंतर दहा दिवसांनी.

गुरुवारी आवडीची पाळी मकासऱ्यांकडे होती. सकाळी ती गयाबाईच्या चुलीपुढे भाकरी खात बसली होती. इतक्यात अमोलिकांची सून आली, हातात पुरणपोळी. आवडीपुढे ठेवली आणि एक शब्द न बोलता गेली. मग साठ्यांकडून गुळाचा सांजा आला. मग दुशिंगांकडून कानवले. त्या वर्षी वाड्यात कुणाच्या घरी गूळ नव्हता, तो कुठून आणला देव जाणे. एकामागून एक दहा घरांतून दहा बायका आल्या. शेवटची आली तिनं नवं हिरवं परकर-पोलकं आणलं होतं. ते तिनं आपल्या हातानं पोरीला घातलं.

"आज कोन्ता सन हाय गं?" गयाबाईनं विचारलं. ती महिनाभरात पहिल्यांदाच कुणाशी बोलली होती. ती बाई पदरात तोंड घालून निघून गेली.

उत्तर दिलं आवडीनं. तोंडात पुरण, परकराचा घोळ हातात धरलेला. "मावशे, आज माजी पाळी समद्यांकडं हाय! आन् मला भिताडाचा पयला धोंडा ठिवायचाय. बाबा म्हनला, तुज्या हातनं ठिवायचा. खाली उतरून."

इतक्यात सावळा आला, पोरीचा हात धरला आणि तिला घेऊन गेला. आईकडे त्यानं वर मान करून बघितलं नाही. तो माझा पणजा.

गयाबाई चुलीपाशी तशीच बसून राहिली. नवं परकर. गोडधोड. पायाच्या चरात उतरून पहिला धोंडा. आणि मग तिला आपल्याच तोंडची ओवी आठवली, असं सांगतात. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली आणि धावली. पन्नाशीची बाई, लुगड्याचा काष्टा सुटलेला, ओढ्याच्या काठानं धावत गेली.

इथं, या खांबांच्या बाहेर, जिथं आता खोलगट भाग दिसतो ना, तिथं चर होता. पुरुषभर खोल. काठावर सगळी मंडळी उभी. बायकांनी तोंडं फिरवलेली. पुरुषांच्या हातांत मातीच्या पाट्या भरून तयार. आणि खाली, चराच्या तळाशी, हिरव्या परकरातली पोर दोन्ही हातांनी एक धोंडा पोटाशी धरून वर बघत उभी.

गयाबाईनं कुणाला काही विचारलं नाही. तिनं चरात उडी टाकली. पाय मुरगळला, तशीच उठून पोरीच्या पुढे उभी राहिली, आणि वर बघून तिनं हाक मारली.

"धोंडिबा!"

तुम्हाला आज त्यात काही वाटणार नाही. पण पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या काळी बाई मेली तरी ते नाव ओठांवर आणत नसे. काठावरच्या माणसांना पोरीला खाली उतरवताना जो धक्का बसला नव्हता, तो त्या हाकेनं बसला म्हणे. दोन बायका किंचाळल्या. धोंडिबाच्या हातातली पाटी कलंडली आणि त्यातली माती खाली गयाबाईच्या तोंडावर पडली.

तिनं ती पुसली नाही.

"धोंडिबा मकासरे, मला वाचता येत न्हाई, पन तू वाचल्यालं मला समदं याद हाय. अब्राहामानं पोर निजवलं म्हनतोस. म्होरं काय झालं ते सांग की. देवानं त्याचा हात धरला. ती गोस्ट हात धरल्याची हाय. तू निम्मीच वाचलीस का रं?"

तिनं पोरीला आपल्या पदराआड घेतलं.

"म्हयन्याच्या म्हयन्याला पाळक भाकर मोडत्यात. काय म्हनत्यात ते? ह्यो बळी एकदाच दिला, समद्यांसाटी दिला. तुमी समद्यांनी खाल्ली ती भाकर. मंग ह्यो दुसरा कुनासाटी? येसूचा पुरला न्हाई तुमाला?"

दुखऱ्या पायानं ती चराच्या कडेला टेकली.

"माजा केरू गेला. मला वाटलं त्याच्यापरीस वंगाळ काय व्हनार न्हाई आता. टाका माती. दोघींवर टाका. पन वर जे उभं ऱ्हाईल त्यात येसूला बोलवू नका. त्यो यायचा न्हाई."

आणि तिच्या मागून पोरीचा आवाज आला. तिला यातलं काही समजलं नव्हतं. ती अजून धोंडा धरून उभी होती.

"बाबा, ठिवू का आता? हात दुखाया लागलं."

असं सांगतात की त्यावर धोंडिबा जागच्या जागी खाली बसला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की ओढ्यापलीकडे गुरं राखणारे लोक काय झालं म्हणून धावत आले. कुणी पाटी टाकली, कुणी खोरं. आता मात्र सगळे एकदम ओरडायला लागले, काढा, काढा, पोरीला काढा. सावळानं उडी घेतली. आधी आवडीला वर दिली. मग गयाबाईला. तिला चालता येत नव्हतं, चौघांनी ओढून घेतली. शेवटी सावळा वर आला.

तो वर आला आणि चराची ओढ्याकडची बाजू बसली.

आवाज असा काहीच झाला नाही. केरूच्या वेळेसारखाच. सबंध दरड आत आली आणि तिच्या मागून पाणी. ओढ्याचं नव्हे, ओढा कोरडा होता, चैत्र चालू होता. जमिनीच्या पोटातलं पाणी, झऱ्यासारखं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चर भरत गेला. तो धोंडा, पोरीच्या हातातला, तळाशी कुठंतरी राहिला.

आता कुणी म्हणतं हा चमत्कार. देवानं अब्राहामाचा धरला तसा आमचाही हात धरला. कुणी म्हणतं, पाण्यावर पाया घातला होता, भिंत पडणारच; मल्लूला तेच खुणावत होतं. मी शाळामास्तर माणूस, मला दोन्ही खरं वाटतं. पण एक गोष्ट सगळे सारखीच सांगतात. ती अशी, की त्या दिवशी माती टाकली असती तरी भिंत उभी राहिली नसती. पोर गेली असती, आणि भिंत पुन्हा पडली असती. मग पुढच्या वेळी कुणाला उतरवलं असतं?

पाळक पहिल्या रविवारी आले. त्यांना हे धोंडिबानंच सांगितलं, वेदीसमोर उभं राहून, काही न लपवता. गणपतराव ओहोळांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हातात प्रभुभोजनाचा पेला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग एकेकाला समोर बोलावून एकच प्रश्न विचारला: "धोंडिबा बोलला तेव्हा तू काय म्हणालास?"

"मी काहीच म्हटलं न्हाई," पहिला म्हणाला.

"मी काहीच म्हटलं न्हाई," दुसरा म्हणाला.

म्हातारी, तरणी, बाया, माणसं, सगळ्यांचं तेच उत्तर. शेवटचा माणूस उठून गेल्यावर पाळक म्हणाले, "प्रभूची भाकर तुमच्या हातावर ठेवायला माझा हात उचलत नाही. केव्हा उचलेल, ठाऊक नाही." आणि ते आले तसे चालत परत गेले. वर्षभर ते दर महिन्याला येत, शास्त्र वाचत, आणि भाकर न मोडता जात. नोंदवहीतलं कोरं पान ते हे.

धोंडिबानं त्यानंतर शास्त्र हातात धरलं नाही. तो मंडळीतही बसला नाही. उत्तरेला, भिंत जिथं व्हायची होती त्या उघड्या कडेला, बाहेर मातीत बसून तो भक्ती ऐकायचा. बारा वर्षं, मरेपर्यंत. गयाबाईनं त्याला टाकलं नाही. त्याची भाकर ती तिथंच नेऊन द्यायची. पण त्या दिवसापासून तिनं त्याला नावानंच हाक मारली, चारचौघांत, शेवटपर्यंत. आणि तो "ओ" द्यायचा.

आवडी गयाबाईकडेच राहिली. पाळी बंद झाली.

मी तिला पाहिलं आहे. चकित होऊ नका. मी दहा वर्षांचा असताना ती ऐंशीच्या पुढे होती. कमरेत वाकलेली, दात एकही नाही. आम्हा पोरांना ही गोष्ट मोठी माणसं हळू आवाजात सांगायची, तिच्यासमोर नाही. एकदा मी आगाऊपणे तिलाच विचारलं, "आजे, तुला भ्या वाटलं नव्हतं का?" वाटलं, ती मारेल. तिनं मला जवळ बसवलं.

"भ्या कशाचं?" ती म्हणाली. "रोज मी एका घरची असायची. त्या दिशी समद्यांनी एकदम मला मागितलं. मला लई बरं वाटलं व्हतं."

माझ्या आयुष्यात मला बऱ्याच गोष्टींनी हादरवलं आहे. पण या वाक्याइतकं कशानंच नाही. मी सत्तर वर्षं ते बरोबर घेऊन फिरतोय, अजून मला ते कुठे ठेवावं कळत नाही.

आता भिंतीचं. वर्ष सरलं, आणि एका रविवारी पाळकांनी पुन्हा भाकर मोडली. भक्तीनंतर मंडळीची सभा बसली. पाळक म्हणाले, भिंत चार हात मागं घेऊ, कोरडी जमीन लागेल, दगड आहे, हात आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगलीच गोष्ट होती. नको म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

गयाबाई उठली. पाय तिचा कायमचा अधू झाला होता. काठीवर भार देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाई."

पाळकांनी विचारलं, "का, गयाबाई?"

"भित घातली की आत काय चाललंय ते भाईर दिसत न्हाई. दिसू द्या. गावाला दिसू द्या, गुराख्याला दिसू द्या." मग ती सगळ्यांकडे वळली. "आन् दुसरं. हितनं म्होरं कुनी काय बी ठरवलं, तर एकानं उठून न्हाई म्हनायचं. वंगाळ असलं तर म्हनायचंच. चांगलं असलं तरी म्हनायचं. जिभंला सवय ऱ्हाऊ द्या."

तेव्हा भिंत बांधायची राहिली ती राहिलीच. खांब उभे केले, कौलं चढली.

आजही आमच्या मंडळीची सभा या उघड्या बाजूकडे तोंड करून बसते. आजही कुणी ठराव मांडला की पाळक लगेच मत घेत नाहीत. थांबतात. कुणीतरी एक उठतो, "नाही" म्हणतो, आणि खाली बसतो. कारण दिलं तर दिलं, नाही दिलं तरी चालतं. त्यानंतरच हात वर होतात. कुणीच उठलं नाही, तर तो ठराव कितीही चांगला असो, त्या दिवशी मंजूर होत नाही.

गेल्या वर्षी एक तरुण पाळक नव्यानं आले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सभेत मी ठराव मांडला, की ही मंडळी आपल्या नव्या पाळकांचं आनंदानं स्वागत करते. साऱ्यांचे चेहरे खुललेले. मागच्या रांगेतून साठ्यांची म्हातारी उठली, स्पष्ट आवाजात "नाही" म्हणाली, आणि पदर सावरून खाली बसली. पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला. बिचारे माझ्याकडे बघायला लागले.

मग सगळ्यांनी हात वर केले.